पन्नाशीनंतर समुपदेशक होताना

राज्य शासनाच्या सेवेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले अधिकारी, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बँक कर्मचारी, उभी हयात वर्ग सांभाळण्यात गेलेल्या शिक्षिका, मुले परगावी शिकायला गेल्यावर हाताशी वेळ उरलेल्या गृहिणी, अशी बरीच मंडळी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांची चौकशी करताना दिसतात. त्यांच्या बोलण्यात दोन वाक्ये हमखास येतात. 'या वयात अभ्यास झेपेल का?' हे पहिले, आणि 'तशी माणसे माझ्याकडे आधीपासूनच मन मोकळे करायला येतात' हे दुसरे. पहिल्या वाक्यातली भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी ठरते. खरी अडचण दुसऱ्या वाक्यात दडलेली असते, कारण आयुष्यभर आप्तांना आणि सहकाऱ्यांना सल्ला देऊन जे कमावलेले असते, त्यात आणि समुपदेशकाला जे यावे लागते त्यात मोठे अंतर आहे. ते अंतर कळले की प्रवेश, शुल्क आणि पदविका यांचा विचार पुष्कळ सोपा होतो, म्हणून या लेखात त्यावरच अधिक भर दिला आहे.

उतारवयाच्या उंबरठ्यावर ही ओढ लागणे अगदी स्वाभाविक आहे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी माणसाच्या आयुष्याचे जे आठ टप्पे मांडले, त्यांतील सातव्या टप्प्यात, म्हणजे मध्यमवयात, आपल्याजवळचे काही पुढच्या पिढीच्या कामी यावे ही प्रेरणा प्रबळ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गरजही तितकीच खरी आहे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

आधी कोण कोणते काम करतो ते स्पष्ट करून घेऊ, कारण या बाबतीत सुशिक्षित घरांतही गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि मनोविकारांवरील औषधे त्याने लिहून द्यायची असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक आजारांचे मूल्यमापन, चाचण्या आणि मानसोपचार करतो. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते, आणि त्यासाठी रुग्णालयातील पूर्णवेळ प्रशिक्षणाचा अंतर्भाव असलेला, परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. समुपदेशक मुख्यत्वे संवादाच्या मार्गाने काम करतो: नात्यांतील ताण, शोक, परीक्षेची धास्ती, नोकरीतील कोंडी, आजारपणाशी जुळवून घेणे, व्यसनमुक्तीनंतरचा काळ अशा प्रसंगांत माणसाला स्वतःची परिस्थिती नीट पाहता यावी आणि त्यातून त्याची त्याला वाट काढता यावी, यासाठी तो नियमित आणि ठरलेल्या वेळी त्याच्यासोबत बसतो. औषध देणे किंवा आजाराचे निदान करणे हे त्याचे काम नाही. पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या बहुतेकांसाठी तिसरा मार्ग हाच व्यवहार्य असतो, आणि तो दुय्यम आहे असे समजण्याचे काहीच कारण नाही.

समुपदेशकाचे कायदेशीर स्थान मात्र आपल्या देशात बराच काळ धूसर राहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची जी व्याख्या आहे, तीत समुपदेशक असा स्वतंत्र वर्ग नाही. परिणामी चार दिवसांची कार्यशाळा केलेली व्यक्तीही दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावू शकत होती आणि लावतही होती. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्याच्या गटात मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक यांचा समावेश आहे, आणि केंद्र व राज्य पातळीवर नोंदवह्या ठेवण्याची तरतूद आहे. थोडक्यात, हे क्षेत्र हळूहळू नियमनाखाली येत आहे. आज जो प्रवेश घेईल, त्याने आजच्या सवलतीपेक्षा पाच वर्षांनंतर कोणती पात्रता ग्राह्य धरली जाईल याचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

याचा पहिला मोठा परिणाम २०२५ मध्ये दिसला. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम. ए. करणे हा वर्षानुवर्षे मळलेला मार्ग होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळत असे, त्यामुळे वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतून आलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांची त्यात चांगली सोय होत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून, २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली, आणि त्यात मानसशास्त्राचा उल्लेख आहे. त्यामुळे 'घरबसल्या मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी' अशी जाहिरात वाचून पैसे भरण्याआधी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची, त्या विशिष्ट वर्षाची मान्यता आयोगाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी. शेजारच्या कुणी तीन वर्षांपूर्वी तो अभ्यासक्रम केला, एवढ्या आधारावर विसंबू नये.

प्रत्यक्ष वर्गात जाऊन करण्याचे पर्याय मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत उपलब्ध आहेत. विद्यापीठांचे पदव्युत्तर मानसशास्त्र विभाग आहेत, टाटा समाजविज्ञान संस्थेचे व्यावहारिक मानसशास्त्राचे शिक्षण आहे, महाविद्यालयांच्या पदविका आहेत, आणि स्वयंसेवी संस्थांचे छोटे प्रमाणपत्र वर्गही आहेत. यांतून निवड करताना माहितीपत्रकातील विषयांची यादी फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. त्याऐवजी प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करायला मिळेल, त्या कामावर देखरेख कोण करील, आणि देखरेख करणारी व्यक्ती स्वतः आजही समुपदेशन करते का. या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरे मिळाली, तर संस्थेचे नाव कितीही मोठे असले तरी तेथे समुपदेशन शिकायला मिळणार नाही; समुपदेशनाविषयीची माहिती तेवढी मिळेल.

सैद्धांतिक भाग मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना वाटतो तितका जड जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या भूमिकेचा गाभा असा, की समोरच्याच्या जागी जाऊन त्याचे अनुभवविश्व समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार करणे आणि स्वतः मुखवटा न घालता खरेपणाने वागणे, या वातावरणात माणूस बदलू लागतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली: घटनेइतकाच, किंबहुना अधिक, त्रास तिच्याविषयीच्या आपल्या हट्टी समजुतींमुळे होतो आणि त्या समजुती तपासता येतात. मुंबईच्या कि. मो. फडके यांच्या कामामुळे ही पद्धत महाराष्ट्रात चांगलीच परिचित झाली. अ‍ॅरन बेक यांच्या, विचारांच्या चुकीच्या सवयी ओळखून बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक (कॉग्निटिव्ह) उपचारपद्धतीचा या विचाराशी जवळचा संबंध आहे. हे सारे चार-सहा महिन्यांत वाचून कळते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांची सवय सुटलेल्यांना पहिले सत्र अवघड जाते, एवढेच.

कस लागतो तो सरावाच्या वर्गात. तेथे विद्यार्थी जोडीने बसतात. एक समुपदेशकाची भूमिका करतो, दुसरा मदत घ्यायला आलेल्या व्यक्तीची, आणि बाकीचे निरीक्षण करतात. समजा, एक निवृत्त मुख्याध्यापिका समुपदेशकाच्या खुर्चीत आहेत आणि समोर तिशीतील एक विद्यार्थिनी सुनेची भूमिका करीत आहे. ती सांगते, "सासूबाई काही बोलल्या की मी गप्पच बसते. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. परवा भाकऱ्या करता करता हात थरथरायला लागले." मुख्याध्यापिका मायेने म्हणतात, "अगं, घरोघरी मातीच्या चुली. आमच्या वेळी तर याहून कठीण होतं. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सकाळी उठून थोडा प्राणायाम करत जा." समोरून उत्तर येते, "हो मॅडम," आणि संभाषण तिथेच आटोपते.

या चार वाक्यांत काय घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या वाक्याने तिचे दुःख सर्वसाधारण करून टाकले. दुसऱ्याने स्वतःच्या दुःखाशी तुलना करून ते लहान केले. तिसऱ्याने तिला जे वाटते ते वाटून घेऊ नको असे सांगितले, आणि चौथ्याने तिची अडचण नेमकी काय आहे हे कळण्याआधीच उपाय दिला. बोलणाऱ्या बाईंचा हेतू निखळ प्रेमाचा होता, यात शंका नाही. तरीही समोरची व्यक्ती गप्प झाली, म्हणजे तिच्या घरात जे रोज घडते तेच या खोलीतही घडले. आता दुसरा प्रतिसाद पाहा: "भाकऱ्या करताना हात थरथरायला लागले म्हणालात. त्या वेळी काय चाललं होतं?" या प्रश्नात शहाणपण दाखवणारे काहीही नाही. परंतु तिने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी सर्वांत ताजी आणि सर्वांत शारीरिक गोष्ट त्यात उचलली आहे, तिचेच शब्द तिला परत दिले आहेत, आणि पुढे कुठे जायचे हे तिच्यावर सोपवले आहे. संबोधनही 'तू' वरून 'तुम्ही' वर आले आहे. वयाने लहान असलेल्या व्यक्तीशी अहो-जाहो करणे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला कृत्रिम वाटते, पण त्यामुळे ते सल्ल्याच्या जागेवरून आपोआप थोडे मागे सरकतात, असा माझा अनुभव आहे.

सल्ला देण्याची सवय मोडणे हेच उतारवयातील या शिक्षणाचे मुख्य काम आहे, असे मला ठामपणे वाटते. पंचविशीतील विद्यार्थ्याला काय बोलावे हे सुचत नाही म्हणून तो पुस्तकी प्रश्न विचारतो. पंचावन्नाव्या वर्षी मात्र उत्तर आधीच जिभेवर तयार असते. शिक्षक, वकील, डॉक्टर, अधिकारी यांनी तर त्वरित उत्तर देण्यावरच आपली कारकीर्द उभारलेली असते. त्यांना शांतता सहन होत नाही. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, खिडकीबाहेर पाहू लागला, की पंधरा सेकंदांत ते काहीतरी बोलून ती पोकळी भरून काढतात, आणि कदाचित सोळाव्या सेकंदाला आले असते ते वाक्य कायमचे हुकते. ही सवय वाचनाने जात नाही. आपल्या सरावाचे ध्वनिमुद्रण घरी ऐकून, आपण कुठे कुठे मध्ये घुसलो हे लिहून काढून, पुन्हा सराव करूनच ती सुटते, आणि त्याला दीड-दोन वर्षे लागली तर ते काही फार नाही.

आता वयाची जमेची बाजू. ती खरी आहे आणि मोठीही आहे. शोक, आजारपण, नोकरीतील अपमान, लग्नातील रितेपण यांच्या जवळून गेलेल्या माणसाला समोरच्याचे रडणे घाबरवत नाही. शिवाय भाषा. प्रशिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते, मदत मागणारे मात्र 'कशातच राम वाटत नाही', 'जीव घाबराघुबरा होतो', 'डोकं नुसतं भणभणतं' असे सांगत येतात. या बोलण्यातून छटा ओळखणे, कुणाची तक्रार थकव्याची आहे आणि कुणाची निराशेची हे हेरणे, मराठी घरांत पन्नास वर्षे काढलेल्या माणसाला जितके जमते तितके नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणाला सहसा जमत नाही. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर घरातील वाद का वाढतात, शेतीच्या वाटणीत भावाभावांचे बोलणे का तुटते, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

मात्र याच अनुभवासोबत मूल्येही पक्की झालेली असतात. मुलीने जातीबाहेर लग्न ठरवले आहे, जोडप्याला मूल नको आहे, मुलगा समलैंगिक आहे, आईला वृद्धाश्रमात ठेवायचे आहे: अशा प्रसंगी समुपदेशकाचा चेहराच निकाल देऊन मोकळा होऊ शकतो. सर्वांत धोक्याचा प्रसंग घरगुती हिंसाचाराचा. 'जुळवून घे, मुलांसाठी सहन कर' हा आपल्याकडचा पिढीजात सल्ला आहे, आणि मार खाणाऱ्या स्त्रीला तो दिला तर तिच्या जिवाला धोका पोहोचू शकतो. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी सुरू केलेल्या विशेष कक्षाच्या कामातून महाराष्ट्रात हा धडा फार पूर्वी पुढे आला, की हिंसाचारात आधी सुरक्षितता पाहायची असते. नाते टिकवायचे की नाही हा प्रश्न नंतरचा आणि तोही तिचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची मूलभूत माहिती त्यामुळे प्रत्येक समुपदेशकाला असायलाच हवी.

स्वतःच्या जखमेतून या क्षेत्राकडे येणारेही पुष्कळ असतात: जोडीदार गेलेला, मुलाने व्यसनापायी आयुष्याची धूळधाण केलेली, स्वतः नैराश्यातून बाहेर आलेले. ही पात्रता होऊ शकते, आणि त्याचे ठळक उदाहरण पुण्यात आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे समुपदेशक म्हणून काम करीत आली आहेत, आणि 'मी यातून गेलो आहे' हे त्यांचे वाक्य रुग्णापर्यंत जसे पोहोचते तसे दुसऱ्या कुणाचे पोहोचणे कठीण. पण तेथे त्या अनुभवामागे संस्थेची शिस्त, प्रशिक्षण आणि सहकाऱ्यांचा गट उभा असतो. एकट्याने काम करणाऱ्या, नुकत्याच विधवा झालेल्या समुपदेशिकेसमोर दुसरी विधवा स्त्री येऊन बसली, तर त्या खोलीत कोणाच्या दुःखावर काम चालले आहे हे पाहणारा तिसरा कुणी नसतो. म्हणून चांगले अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना स्वतः काही काळ समुपदेशन घेण्याचा आग्रह धरतात. मोठ्या वयाचे विद्यार्थी या अटीवर नाराज होतात, आणि बहुधा ज्यांना त्याची अधिक गरज असते तेच अधिक नाराज होतात.

पदवी नसलेल्या सामान्य माणसाला हे काम शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात, फार काळजीपूर्वक शोधले गेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'संगत' या संस्थेने गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक चाचणी घेतली. तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना सुधारित नेहमीचे उपचार दिले, आणि उरलेल्यांना त्याशिवाय मानसिक आरोग्याची व्यावसायिक पात्रता नसलेल्या, पण संस्थेने प्रशिक्षित केलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी दिल्या. या भेटींत नैराश्यामुळे सुटलेल्या लहानसहान कृती पुन्हा सुरू करण्यावर भर होता: शेजारणीकडे जाणे, बागेला पाणी घालणे, रखडलेला एखादा प्रश्न हाती घेणे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या निष्कर्षाचा अर्थ 'शिक्षणाची गरज नाही' असा काढणे ही मोठी चूक ठरेल. त्या समुपदेशकांना आधी काही आठवड्यांचे वर्गातील प्रशिक्षण मिळाले, मग देखरेखीखालचा दीर्घ सराव झाला, आणि पात्र ठरलेल्यांनाच पुढे काम देण्यात आले. त्यांच्यासमोर एक नेमकी, लिहून काढलेली पद्धत होती. भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे, आणि समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या भेटी ऐकत व ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. आपण बंद खोलीत काय बोलतो हे दुसऱ्या जाणत्या कानांना नियमितपणे ऐकू देण्याची तयारी, हा या यशाचा फारच महत्त्वाचा भाग होता. आपल्याकडे असंख्य पदव्युत्तर पदवीधरांच्या कामाच्या वाट्याला अशी एकही तपासणी येत नाही.

म्हणूनच देखरेख, ज्याला या क्षेत्रात सगळेजण सुपरव्हिजन म्हणतात, ती अभ्यासक्रम संपल्यावर संपत नाही. अनुभवी समुपदेशकासमोर आपली प्रकरणे, ओळख पटेल असे तपशील वगळून, मांडायची. कुठे अडलो, कुणाचा राग आला, कुणाविषयी अवाजवी माया वाटली, हे सांगायचे. त्यासाठी शुल्कही द्यायचे. हाताखाली माणसे वागवलेल्या अधिकाऱ्याला आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या व्यक्तीकडून 'येथे तुम्ही त्यांचे ऐकले नाही' असे ऐकून घेणे जड जाते. ज्याला हे जमणार नाही, त्याने या वाटेला न जाणे त्याच्या आणि इतरांच्या हिताचे आहे.

काही कर्तव्ये कायद्याने ठरवलेली आहेत. गोपनीयता हा मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे, पण जिवाला धोका असेल तेव्हा ती मोडावी लागते, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचे असते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'घरातल्या घरात मिटवू' हा पर्यायच उरत नाही. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला त्याविषयी थेट विचारायला शिकावे लागते, कारण विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. आणि थकवा, उदासी, धडधड या तक्रारींमागे थायरॉइड किंवा रक्तक्षयही असू शकतो, म्हणून ओळखीचा डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांची नावे पहिल्या दिवसापासून जवळ हवीत.

लहान गावांत आणखी एक पेच असतो, ज्याची चर्चा शहरातल्या वर्गांत क्वचितच होते. चिपळूण, वाई किंवा उदगीरसारख्या ठिकाणी तीस वर्षे शिकवलेल्या बाईंकडे येणारी निम्मी माणसे त्यांचे माजी विद्यार्थी किंवा त्यांचे पालक असतात. जुने नाते असलेल्या, नात्यागोत्यातल्या किंवा सोसायटीतल्या माणसाला समुपदेशन देऊ नये हा नियम तेथे पाळणे कठीण असले, तरी तो शक्य तेवढा पाळावाच. अशा व्यक्तीला दुसऱ्या गावच्या समुपदेशकाकडे किंवा ऑनलाइन भेटीकडे वळवावे, आणि बाजारात भेट झाली तर ओळख कोण आणि कशी दाखवील हेदेखील आधीच ठरवून घ्यावे.

पैशाबाबत थोडक्यात सांगतो: सुरुवातीची काही वर्षे उत्पन्न तुटपुंजे असते, देखरेखीचे शुल्क आणि खोलीचे भाडे वजा जाता हाती फारसे राहत नाही. निवृत्तिवेतनाचा आधार असलेल्यांनाच हे परवडते, आणि भविष्यनिर्वाह निधीची मोठी रक्कम एखाद्या महागड्या पदविकेत घालणे शहाणपणाचे नाही. दिवसाला चार भेटींपेक्षा अधिक काम साठीत झेपत नाही असे मला दिसते. कानांची तपासणी करून घेण्याची सूचना अनेकांना अप्रस्तुत वाटते, पण दबक्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला तीन वेळा 'काय म्हणालात?' असे विचारावे लागले, तर तो चौथ्यांदा ते सांगत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी आपल्याला हे काम मानवते का, हे पाहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे हेल्पलाइनवर श्रोता-स्वयंसेवक होणे. पुण्यातील 'कनेक्टिंग', मुंबईतील 'समॅरिटन्स' यांसारख्या संस्था सर्वसामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन हे काम देतात, आणि तेथे सल्ला न देता ऐकणे हाच मुख्य नियम असतो. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते; तिच्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी नेमले जातात, पण अडलेल्या माणसाला देण्यासाठी हा क्रमांक प्रत्येक नवशिक्याला पाठ असावा. काही महिने असे काम केल्यावर काहींना पदविकेची आवश्यकताच उरत नाही, ते आनंदाने स्वयंसेवकच राहतात. काहींना मात्र याहून खोलवर शिकावेसे वाटते, आणि त्यांनी पुढे जावे.

जे पुढे जातील, त्यांनी आपल्या वयामुळे एक व्यवस्था पहिल्याच वर्षी करून ठेवावी. समुपदेशक अचानक रुग्णालयात दाखल झाला, तर दर मंगळवारी पाच वाजता येणाऱ्या माणसाला बंद दार दिसते आणि त्याला कुणीच काही सांगत नाही. सोडून दिले जाण्याच्या भीतीवरच ज्याचे काम चालू होते, त्याच्यावर हा आघात फार मोठा असतो. म्हणून एका सहकारी समुपदेशकाशी लेखी ठरवून घ्यावे, की अशा वेळी भेटींची वही आणि दूरध्वनी क्रमांक त्याने ताब्यात घ्यायचे, प्रत्येकाला स्वतः फोन करायचा, दुसऱ्या समुपदेशकांची दोन-तीन नावे सुचवायची आणि नोंदी कुलूपबंद ठेवायच्या. त्या कुलपाची किल्ली कुठे आहे हे घरच्यांना माहीत असावे, मात्र नोंदी वाचण्याचा अधिकार त्यांना नाही हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे. नव्याने मदत घ्यायला येणाऱ्यांनाही पहिल्या भेटीच्या कागदावर त्या सहकाऱ्याचे नाव लिहून द्यावे.